आरए: एक्स-रे स्वच्छ आहे, तरी सुरुवातीलाच इतकी औषधं का?

घाटवळण

नमस्कार. ताईसाठी विचारतोय. वय ३८, सिन्नरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीपासून दोन्ही हातांची बोटं, मनगटं आणि पायांचे चवडे सुजतात. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. आधी चिकुनगुनिया झाला असेल म्हणून वाट पाहिली, मग कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, मग "फळ्यावर लिहून लिहून होतं" असंही ऐकलं. शेवटी नाशिकला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं.

रिपोर्ट असे: अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर या संधिवाताच्या अँटीबॉडींच्या रक्तचाचण्या, त्यातली पहिली खूप जास्त, दुसरी पॉझिटिव्ह. अंगातली सूज सांगणारा ईएसआर ५८. हातापायांचे एक्स-रे मात्र अगदी नॉर्मल. डॉक्टरांनी रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आरए या संधिवाताचं निदान केलंय आणि लगेच मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सोबत फॉलिक अॅसिड, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि दोन-तीन महिन्यांपुरतं कमी मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलंय.

आता घरात वाद आहे. दाजींचं म्हणणं, हाडाला काही झालेलं नाही तर आधी साधी वेदनाशामक गोळी घेऊन बघू, नाहीच जमलं तर एकेक औषध वाढवू. नेटवर मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध म्हणून दिसलं आणि आईने स्टेरॉइडचं नाव ऐकलं, त्यामुळे चिठ्ठी अजून फ्रिजवरच लावलेली आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात जोरात करावी की बेताने?

काळीमाती

चिठ्ठी फ्रिजवरून काढा आणि औषधं आणा. बाकी चर्चा गोळ्या सुरू झाल्यावर करू.

जुनी_वही

घाटवळण, दाजींना माझा हा प्रतिसाद वाचून दाखव.

मला १९८४ मध्ये निदान झालं. बँकेत नुकती लागले होते. ते जे म्हणताहेत ना, तीच तेव्हाची रीत होती. आधी विश्रांती आणि अॅस्पिरिन, मग दुसरं वेदनाशामक, मग तिसरं. सांधे बिघडलेले दिसायला लागले की मग सोन्याची इंजेक्शनं. खाली सौम्य औषधांचा पाया आणि जोरकस औषध अगदी शिखरावर, म्हणून डॉक्टर लोक त्याला पिरॅमिड म्हणायचे. माझे डॉक्टर सांगलीतले नावाजलेले होते, पुस्तकाप्रमाणेच चालत होते. पुस्तकच तसं होतं.

शिखरापर्यंत पोचेस्तोवर माझ्या दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे झुकली होती. मेथोट्रेक्सेट मला नव्वदच्या दशकात सुरू झालं. त्यानंतर सूज उतरली, नवीन सांधा फारसा बिघडला नाही, नोकरी पूर्ण केली. पण आधी झुकलेली बोटं तशीच राहिली आणि दोन्ही गुडघे बदलावे लागले. माझा एक्स-रेसुद्धा पहिल्या वर्षी नॉर्मलच होता. तुझ्या ताईकडे आज जे आहे ते माझ्याकडेही होतं, फक्त औषध उशिरा आलं. तिला उशीर करू नका रे.

पिंपळपान

जुनी_वही मावशी, अंगावर काटा आला. घरी आईला वाचून दाखवलं.

स्वल्पविराम

मी याच विषयातला डॉक्टर आहे. ताईंना तपासलेलं नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही. पण "एक्स-रे नॉर्मल, मग घाई कशाला" या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण ओपीडीत हा प्रश्न रोज येतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि कडेच्या हाडावर पसरायला लागतं. त्या सुजलेल्या अस्तरातून निघणाऱ्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाडाला बारीक खड्डे पडतात, कूर्चा झिजते. साध्या एक्स-रेत खड्डा दिसायला बरंच हाड जावं लागतं. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये सूज आणि खड्डे त्याच्या कितीतरी आधी दिसतात. म्हणजे नॉर्मल एक्स-रेचा अर्थ "आजार सौम्य आहे" असा नसतो. त्याचा अर्थ "अजून वेळ हातात आहे" असा असतो. पावसाळ्याआधी कौलं शाकारून घेतो, तशी ही वेळ आहे.

आणि ताईंच्या बाबतीत अँटी-सीसीपी खूप जास्त, आरए फॅक्टरही पॉझिटिव्ह, ईएसआर चढलेला, बरेच सांधे सुजलेले. हाडाचं नुकसान कोणाला लवकर होईल याचा अंदाज आम्ही ज्या खुणांवरून बांधतो, त्या जवळपास सगळ्या इथे आहेत. अशा रुग्णांत उपचार नसतील तर खड्डे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडायला लागतात. गेलेलं हाड आम्हाला परत आणता येत नाही.

वेदनाशामक गोळीबद्दल: ती दुखणं कमी करते, आखडलेपण कमी करते, पण हाडाचं नुकसान थांबवत नाही. बरं वाटतंय म्हणून वाट पाहिली जाते, आणि आतलं काम चालूच राहतं. आजाराची चाल बदलणारी औषधं वेगळी. मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही त्यातली जुनी आणि स्वस्त. निदान झालं की त्यातलं एक सुरू करायचं, सहसा मेथोट्रेक्सेट, हे आज जगभर मान्य आहे. वाद त्याच्या पुढचा आहे: एकटं द्यायचं, दोन-तीन एकत्र द्यायची, की सोबत स्टेरॉइडचा आधार द्यायचा.

वनौषधी

डॉक्टरसाहेबांचा आदर आहे, पण ही आमवाताची लक्षणं आहेत आणि आमवातावर आयुर्वेदात शेकडो वर्षांची चिकित्सा आहे. लंघन, दीपन, पाचन, मग गुग्गुळ कल्प. माझ्या काकूंना फरक पडला. कोइम्बतूरला मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेद यांची शास्त्रीय तुलनासुद्धा झाली आहे आणि दोन्ही सारखेच ठरले होते. मग पहिल्याच दिवशी इतकी तीव्र औषधं कशाला?

स्वल्पविराम

वनौषधी, तो अभ्यास मला माहीत आहे, २०११ चा. चांगल्या पद्धतीने केला होता, कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं. पण रुग्ण फक्त ४३ आणि कालावधी ३६ आठवडे. तो प्राथमिक अभ्यास होता आणि तो करणाऱ्यांनीही मोठा अभ्यास व्हावा असंच म्हटलं होतं. सूज आणि वेदना मोजल्या होत्या. हाडाचं नुकसान थांबलं का, हा आपल्या धाग्यातला प्रश्न त्यातून सुटत नाही. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तो हजारो रुग्णांच्या एक्स-रेवर तपासला गेलाय.

पथ्य, शेक, तेल, व्यायाम जरूर चालू ठेवा. फक्त कुठलंही काढा-चूर्ण घेत असाल तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे यकृताच्या चाचण्या वाचताना गोंधळ होत नाही.

माळरान

चूर्णावरून सांगतो. आमच्याकडे अंबाजोगाईच्या बाजूला एक जण पुड्या द्यायचा. आठ दिवसांत माणूस पळायला लागायचा. माझ्या चुलतीने वर्षभर घेतल्या. चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि पुडी बंद केली की अंथरुणातून उठता येईना. नंतर लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही स्टेरॉइडचीच लक्षणं आहेत. वनौषधी, तुमच्या शास्त्राला दोष देत नाही, पुडी देणारा वैद्य नव्हताच. पण आईला स्टेरॉइडची भीती वाटते आणि लोक पुडीतून तेच न मोजता खातात, हे बोलायलाच हवं.

दुसरं, लांबच्या माणसाचं दुखणं वेगळं असतं. संधिवाततज्ज्ञ पुण्या-मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात. एक खेप म्हणजे मजुरी बुडाली, गाडीभाडं, रक्ताच्या तपासण्या. औषधं स्वस्त आहेत हे खरं, पण फेऱ्या महाग आहेत.

वनौषधी

माळरान, पुड्यांच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. तो आयुर्वेद नव्हे, फसवणूक आहे. आणि स्वल्पविराम, एक्स-रेचा मुद्दा पटला. काकूंचे एक्स-रे कधी काढलेच नाहीत, आता काढायला सांगते.

लायडनकर

मी नेदरलँड्समध्ये लायडनला राहते, मूळची साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी मला आरए झाला आणि योगायोग असा की घाटवळण यांचा जो प्रश्न आहे, नेमक्या त्याच प्रश्नावरचा एक मोठा अभ्यास याच शहरातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला आहे. त्याचं नाव बेस्ट. माझ्या नर्सने पहिल्याच भेटीत समजावून सांगितला, मग मी मुळातून वाचला.

२००० ते २००२ या काळात नुकतंच निदान झालेले ५०८ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले. पहिल्या गटाला एकच औषध, सुरुवात मेथोट्रेक्सेटने, जमलं नाही तर ते बदलून दुसरं. दुसऱ्या गटाला मेथोट्रेक्सेट आणि गरज पडली तर त्यावर एकेक भर, म्हणजे दाजींच्या म्हणण्याच्या जवळपास. (त्यातसुद्धा नुसत्या वेदनाशामकावर कोणाला ठेवलं नव्हतं, हे दाजींना सांगा.) तिसऱ्याला पहिल्या दिवसापासून मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि मोठ्या मात्रेतून झपाट्याने उतरवत नेलेलं प्रेडनिसोन हे स्टेरॉइड. चौथ्याला मेथोट्रेक्सेट आणि इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन. चारही गटांत दर तीन महिन्यांनी सांधे मोजायचे आणि आजाराचा स्कोअर ठरलेल्या रेषेच्या खाली आला नाही तर औषध बदलायचंच.

पहिल्या वर्षी तिसरा आणि चौथा गट स्पष्ट पुढे होता. हाताचा वापर लवकर सुधारला. एक्स-रेवर सांध्यांची हानी मोजायचं एक मापन आहे, ० ते ४४८ असं. त्यातली वाढ (मध्यक) पहिल्या गटात २, दुसऱ्यात २.५, तिसऱ्यात १ आणि चौथ्यात ०.५ होती. म्हणजे जोरात सुरुवात केली तर पहिल्या वर्षी हाड जास्त वाचतं. ताईंच्या डॉक्टरांनी लिहिलेलं तिसऱ्या गटाचंच खूप सौम्य रूप आहे.

तिसरा गट आला त्याच्याही आधीच्या कोब्रा नावाच्या अभ्यासातून, १९९७ चा, तोही नेदरलँड्समधल्याच डॉक्टरांच्या पुढाकाराचा. त्यात प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅमने सुरू करून सहा आठवड्यांत ७.५ वर आणलं आणि २८ आठवड्यांपर्यंत बंद केलं. पाच वर्षांनी पाहिलं तरी त्या लोकांच्या हाडांची हानी कमी वेगाने होत होती, प्रेडनिसोलोन तर केव्हाच थांबलेलं होतं. सुरुवातीचे महिने इतके मोलाचे असतात.

शंकासुर

लायडनकर, सुंदर माहिती. पण मीही शोधलं. याच बेस्ट अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष आहेत आणि त्यात चारही गट जवळपास सारखेच निघाले! मग दाजींचं काय चुकलं? बेताने सुरुवात केली तरी शेवटी सगळे एकाच मुक्कामी पोचतात.

लायडनकर

बरोबर वाचलंत. दहा वर्षांनी साधारण ५३ टक्के लोकांचा आजार शांत होता, १४ टक्के तर कुठल्याही औषधाशिवाय शांत, आणि गटागटांत मोठा फरक उरला नव्हता. पण तुम्ही एक गोष्ट सोडताय. चारही गटांत कोणालाही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ "चाललंय तसं चालू दे" म्हटलं गेलं नाही. स्कोअर रेषेच्या वर राहिला की बदल. बेताने सुरुवात केलेल्यांनाही मागून हाकलत नेलं. म्हणून ते पोचले. आणि पोचेपर्यंतचं पहिलं वर्ष त्यांनी जास्त दुखण्यात काढलं. नोकरी, लहान मूल, हातात खडू धरायचा, अशा माणसाला एक वर्ष म्हणजे किरकोळ गोष्ट नाही.

स्वल्पविराम

लायडनकर यांनी मुद्द्याला हात घातला. माझंही ठाम मत हेच आहे: कोणतं औषध याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, किती वेळा मोजता आणि मोजून काही करता का, याला महत्त्व आहे. ग्लासगोच्या टिकोरा अभ्यासात (२००४) हीच जुनी स्वस्त औषधं होती. एका गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले आणि ठरलेल्या पायऱ्यांनी औषध वाढवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं तीन महिन्यांनी पाहिलं. दीड वर्षाने पहिल्या गटात ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत, दुसऱ्यात १६ टक्के. एक्स-रेवरची हानीही पहिल्यात कमी.

म्हणून घाटवळण, तुमच्या ताईंच्या डॉक्टरांना "कोणती गोळी" यापेक्षा "स्कोअर किती आला आणि पुढच्या वेळी किती यायला हवा" हे विचारा. २८ सांध्यांचा डीएएस नावाचा स्कोअर असतो. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२ पर्यंत म्हणजे सौम्य, २.६ च्या खाली म्हणजे शांत. तीन महिन्यांत चांगला उतार दिसायला हवा आणि सहा महिन्यांत शांत किंवा निदान सौम्य टप्पा गाठायला हवा. नाही गाठला तर उपचार बदलायचे.

माळरान, फेऱ्यांचं तुमचं म्हणणं अगदी खरं. रक्ताच्या तपासण्या जवळच्या तालुक्याला करून रिपोर्ट फोनवर पाठवा, मधल्या भेटी फोनवर होऊ शकतात. पण सुरुवातीच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष सांधे दाबून पाहणं टाळू नका. फेऱ्या वाचवायच्याच असतील तर आजार शांत झाल्यानंतरच्या वाचवा.

औषधवाला

दुकान आहे म्हणून एकच गोष्ट सांगतो, पण ती कोरून ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतल्याने तोंडात फोड, रक्तपेशी कोसळणं, जीव जाण्यापर्यंत प्रकरणं जातात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना रोज गोळी घेतल्यामुळे आयसीयूत ठेवावं लागलं होतं. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात, त्यामुळे दर वेळी पाकिटावरचा आकडा वाचा. फॉलिक अॅसिड वेगळ्या वारी, डॉक्टर सांगतील तसं.

आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला किंवा खोकल्याला कोणी कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फाची ती नेहमीची गोळी दिली तर आधी सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. दोन्ही एकत्र धोकादायक. दारू टाळा.

रातराणी

+१. माझ्या पाकिटावर "रविवार" लिहिलंय आणि मुलगा दर रविवारी आठवण करतो, त्याबदल्यात त्याला पोह्यांवर जास्तीचं खोबरं मिळतं.

एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ताई ३८ च्या आहेत. अजून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भधारणा चालत नाही, बाळाला व्यंग येऊ शकतं. मला ते तीन महिने आधी बंद करायला लावलं. त्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासलाझिन चालू होतं, ही दोन्ही गरोदरपणात चालतात. लेफ्लुनोमाइड चालत नाही आणि ते शरीरात फार काळ राहतं, ते धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. सगळं नीट ठरवून झालं आणि लेक आता पहिलीत आहे.

मुसाफिर

अवांतर: मेथोट्रेक्सेट "कॅन्सरचं औषध" म्हणून घाबरणाऱ्यांसाठी. अमेरिकेत लेडरली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव नावाचे आंध्रातले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने आधी फॉलिक अॅसिड तयार केलं आणि मग त्याला विरोध करणारी अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. म्हणजे ताईला आठवडाभरात ज्या दोन गोळ्या घ्यायच्यात त्या एकाच प्रयोगशाळेतून आल्या. अमिनोप्टेरिन १९५१ मध्येच संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं, पण त्याच सुमाराला सगळ्यांचं लक्ष कॉर्टिझोनकडे होतं. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आरएसाठी अधिकृत मान्यता मिळाली ती थेट १९८८ मध्ये. कॅन्सरमध्ये याचे डोस कितीतरी पटींनी मोठे असतात, इथे आठवड्याला काही मिलिग्रॅम.

जुनी_वही

मुसाफिर, १९५१ मध्ये माहीत होतं आणि मला १९८४ मध्ये अॅस्पिरिन मिळालं. हे मला आज कळतंय. माहितीबद्दल आभार, पण वाचून फार वाईट वाटलं.

मुसाफिर

मावशी, खरं आहे. तेव्हा कॉर्टिझोनचा मोह मोठा होता. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकला अंथरुणाला खिळलेली माणसं त्याने उठून चालली, १९५० मध्ये त्याच्या शोधकर्त्यांना नोबेल मिळालं, आणि मग मोठ्या डोसांचे दुष्परिणाम दिसल्यावर सगळेच धास्तावले. आईंच्या मनातली भीती तिथपासून आलेली आहे.

उंबरठा

मी फॅमिली डॉक्टर आहे, डोंबिवलीत. स्टेरॉइडबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. "तीन महिन्यांपुरतं" म्हणून दिलेलं प्रेडनिसोलोन घेत राहिलेले रुग्ण माझ्याकडे येतात. बरं वाटतं म्हणून तेच पाकीट पुन्हा पुन्हा आणतात आणि मेथोट्रेक्सेट सोडून देतात, कारण त्याने मळमळतं. साखर, बीपी, हाडं ठिसूळ होणं, सगळं मागून येतं. अमेरिकन तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही शक्यतो स्टेरॉइडशिवाय सुरुवात करा असंच सुचवलंय. मी तरी त्या बाजूचा आहे.

स्वल्पविराम

तुमची काळजी रास्त आहे, असे रुग्ण मीही पाहतो. पण युरोपीय मार्गदर्शन अजूनही सुरुवातीला थोड्या काळासाठी स्टेरॉइड विचारात घ्या म्हणतं, फक्त लवकरात लवकर कमी करून बंद करा अशी अट घालून. माझा कल तिकडे आहे, कारण मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा काळ सूज तशीच ठेवायची का? ज्या बाईला सकाळी वेणी घालता येत नाही तिला "दोन महिने थांबा" म्हणणं मला जमत नाही.

बेल्जियममधल्या केअर-आरए अभ्यासाने यात मदत केली. त्यांनी दोन-तीन औषधं आणि स्टेरॉइड अशा भारी जोड्यांची तुलना एका सडसडीत पद्धतीशी केली: एकटं मेथोट्रेक्सेट आणि ३० मिलिग्रॅमने सुरू करून झटपट उतरवलेलं प्रेडनिसोन. निकाल जवळपास सारखे, दुष्परिणाम सडसडीत पद्धतीत कमी. म्हणजे घाटवळण यांच्या "इतकी औषधं का" या प्रश्नात तथ्य आहे: सुरुवातीला तीन-तीन औषधांचा मारा सगळ्यांना लागत नाही. पण मेथोट्रेक्सेट पुरेशा मात्रेत आणि त्याला थोड्या काळाचा स्टेरॉइडचा टेकू, एवढं बहुतेकांना द्यावं असं मला वाटतं. टेकू काढायची तारीख पहिल्याच चिठ्ठीवर लिहायची, आणि मळमळ झाली तर गोळी सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. डोस विभागून देता येतो, त्वचेखालचं इंजेक्शनही असतं.

उंबरठा

तारीख चिठ्ठीवर लिहिणार असाल तर माझा विरोध बराच मावळतो. मीही उद्यापासून माझ्या रुग्णांच्या चिठ्ठ्यांवर ती आहे का ते पाहीन.

कोरा_कागद

नव्या गोळ्या-इंजेक्शनांबद्दल कोणीच बोललं नाही? माझ्या भावाला टोफासिटिनिब दिलंय, भारतात आता बऱ्याच कंपन्यांचं मिळतं. सरळ तेच का नाही घ्यायचं?

स्वल्पविराम

कारण बऱ्याच जणांना त्याची गरजच पडत नाही. मेथोट्रेक्सेट पुरेशा मात्रेत देऊनही काम झालं नाही तर पुढची पायरी आहेच. एक रस्ता म्हणजे मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही तिन्ही एकत्र. २०१३ मध्ये मेथोट्रेक्सेट पुरं न पडलेल्या रुग्णांत या त्रिकुटाची तुलना महागड्या इटानरसेप्टच्या इंजेक्शनांशी केली होती, आणि त्रिकूट मागे पडलं नाही. आपल्या देशात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ही तिन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

दुसरा रस्ता इटानरसेप्टसारखी बायोलॉजिक इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. दोन्हींच्या आधी टीबीची तपासणी हवीच, छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची चाचणी. आपल्याकडे दबून बसलेला टीबी खूप आहे आणि ही औषधं तो जागा करू शकतात. टोफासिटिनिबने नागीण होण्याचा धोका वाढतो. शिवाय पन्नाशीच्या पुढचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले रुग्ण घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात हृदयविकार आणि कॅन्सरचं प्रमाण दुसऱ्या इंजेक्शनांच्या तुलनेत जास्त दिसलं. भाऊ साठीचा असेल, सिगारेट ओढत असेल, तर डॉक्टरांशी बोला. स्वतःहून बंद करू नका.

कोरा_कागद

भाऊ ५४, तंबाखू आहे. उद्याच बोलतो. धन्यवाद.

पिंपळपान

आणि तंबाखू सोडायला सांगा. धूम्रपानाने अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आरए होण्याचा धोका वाढतो आणि औषधांचा गुणही कमी येतो, असं माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाकी माझा घरगुती डीएएस सांगते: लोणच्याच्या बरणीचं झाकण, दुधाच्या पिशवीचं टोक आणि पदराची पिन. तिन्ही जमलं तर आठवडा चांगला. डॉक्टरांनासुद्धा आवडलं, आता तेही विचारतात "बरणी उघडली का?"

शंकासुर

पटलं. दाजींची बाजू मी मागे घेतो. एक राहिलं: हे सगळं आयुष्यभर घ्यायचं का? आजार शांत झाल्यावर तरी बंद करता येईल?

लायडनकर

नॉर्वेत हेच तपासलं (२०२१). वर्षभर शांत असलेल्यांपैकी निम्म्यांची औषधं आहेत तशी ठेवली, निम्म्यांची मात्रा अर्धी केली. पुढच्या वर्षभरात आजार उलटला तो पहिल्या गटात ६ टक्के आणि दुसऱ्यात २५ टक्के लोकांत. म्हणजे कमी करता येतं, चारातल्या तिघांना ते जमलं, पण धोका सांगून आणि लक्ष ठेवून. माझी मात्रा यंदा थोडी कमी केली आहे. बघू.

घाटवळण

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_वही मावशी, तुमचा प्रतिसाद दाजींना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून गाडी काढली आणि औषधं घेऊन आले. ताईने शनिवार ठरवलाय, दुसऱ्या दिवशी शाळा नसते म्हणून. स्टेरॉइड बंद करायची तारीख डॉक्टरांकडून फोनवर विचारून चिठ्ठीवर लिहून घेतली. आई आता निवांत आहे. मूल एकच, पुढे विचार नाही, तेही त्यांना कळवलं.

पहिल्या भेटीत स्कोअर ५.६ लिहिला होता, आम्ही तो पाहिलाच नव्हता. पुढची भेट सहा आठवड्यांनी. त्याआधी दोन गोष्टी: रक्ततपासणी कधी करायची आणि शाळेत मुलांचा सर्दी-खोकला सतत चालू असतो, तर फ्लूची लस घ्यावी का?

स्वल्पविराम

छान झालं. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी हिमोग्राम, यकृताची एन्झाइम्स आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), नंतर आठ ते बारा आठवड्यांनी. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दीर्घकाळ चालणार असेल तर डोळ्यांचा पडदा एकदा आता तपासून ठेवा, पुढे डॉक्टर सांगतील तसा, साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी.

फ्लूची लस जरूर घ्या, न्यूमोनियाचीही विचारा. आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतात, म्हणजे लसीचा गुण चांगला येतो. ताईंचा आजार आत्ता जोरात आहे, त्यामुळे थांबवायचं की नाही हे त्यांच्याच डॉक्टरांना ठरवू द्या. जिवंत जंतूंच्या लसी मात्र विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

जुनी_वही

घाटवळण, सहा आठवड्यांचा स्कोअर इथे लिही. मी वाट पाहते.

माळरान

वाचनखूण साठवली. चुलतीला पुढच्या आठवड्यात घेऊन जातोय, तिचा स्कोअरही लिहून घेईन.